जुन्या तेलक्षेत्रांत भूकंपलहरींच्या साहाय्याने अडकलेले तेल मोकळे करता येते का?

भूस्तर

जमिनीखालच्या साठ्यात मुळात जेवढे खनिज तेल असते, त्यापैकी जगाच्या सरासरीने साधारण एक तृतीयांशच वर येते; उरलेले खडकाच्या छिद्रांतच राहते. सुरुवातीला साठ्याचा स्वतःचा दाब तेल वर ढकलतो. तो ओसरला की काही विहिरींतून पाणी आत सोडून तेल उत्पादन विहिरींकडे रेटले जाते. पुढे काही वर्षांनी अशी वेळ येते की वर येणाऱ्या द्रवात ९० ते ९५ टक्के पाणीच असते, आणि तरीही खाली भरपूर तेल शिल्लक आहे हे सर्वांना ठाऊक असते. हे तेल काढण्यासाठी वाफ, कार्बन डायऑक्साइड, पॉलिमर किंवा पृष्ठताण कमी करणारी रसायने वापरतात, परंतु त्या प्रत्येकीचा पसारा आणि खर्च मोठा असतो.

याखेरीज एक मार्ग अनेक दशके चर्चेत आहे, तो म्हणजे कमी वारंवारतेच्या यांत्रिक लहरी खडकातून पाठवून अडकलेले तेल हलवणे. या कल्पनेचा उगम प्रत्यक्ष भूकंपांत आहे. २१ जुलै १९५२ रोजी कॅलिफोर्नियातील कर्न परगण्यात ७ पेक्षा अधिक महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा जवळच्या तेलक्षेत्रांतील काही विहिरींचे उत्पादन बदलल्याच्या नोंदी झाल्या. १९७० च्या दागेस्तान भूकंपानंतर कॉकेशसच्या उत्तरेकडील तेलविहिरींबाबतही तसेच लिहिले गेले. सोव्हिएत संशोधकांनी त्यावरून जमिनीवर जड कंपक ठेवून प्रयोग केले. क्रास्नोदार प्रदेशातील अबुझी आणि किरगिझस्तानातील चांगिरताश ही त्यांतील परिचित नावे. पाश्चात्त्य वाचकांपर्यंत हे काम प्रामुख्याने पोहोचले ते इगोर बेरेस्नेव्ह आणि पॉल जॉन्सन या भूभौतिकशास्त्रज्ञांच्या १९९४ मधील आढाव्यामुळे.

मला दोन गोष्टींवर चर्चा हवी आहे. इतक्या क्षीण लहरीने छिद्रातले तेल हलू शकते, यामागचे भौतिकशास्त्र काय आहे? आणि क्षेत्रावरच्या प्रयोगांतून जे यश सांगितले जाते, ते कितपत ग्राह्य धरावे?

जिज्ञासू

एक प्राथमिक शंका. तेलाचा शोध घेताना जमिनीवरून लहरी पाठवून त्यांच्या परावर्तनातून थरांचे चित्र काढतात, आणि जुन्या क्षेत्रांत तेच सर्वेक्षण काही वर्षांच्या अंतराने पुन्हा करून पाणी कुठवर सरकले हे पाहतात. आपण म्हणता ते त्याहून वेगळे आहे ना? आणि पाणी जर तेलाला रेटतेच आहे, तर तेल मागे का राहते?

सच्छिद्र

होय, वेगळे आहे. सर्वेक्षणात लहर माहिती आणते आणि तिच्यामुळे साठ्यात काही बदलू नये अशीच अपेक्षा असते. इथे लहरीकडून बदलाचीच अपेक्षा आहे. दोन्हींची साधने मात्र काही अंशी सारखी आहेत, कारण सर्वेक्षणासाठी वापरले जाणारे कंपक-ट्रक या प्रयोगांतही वापरले गेले आहेत.

तेल मागे का राहते याचे उत्तर दोन पातळ्यांवर द्यावे लागेल. पहिली पातळी मोठ्या मापाची आहे: पाणी सर्वांत सुलभ वाटेने, म्हणजे अधिक पारगम्य (द्रवाला सहज वाहू देणाऱ्या) थरांतून आणि भेगांतून, निघून जाते आणि घट्ट थरांतले तेल त्याच्या वाटेतच येत नाही. दुसरी पातळी छिद्राच्या मापाची आहे, आणि या धाग्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे.

वालुकाश्मात कणांच्या मध्ये पोकळ्या असतात आणि त्या अरुंद मानांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. कणांच्या पृष्ठभागाला पाणी चिकटत असेल, तर पुढे सरकणारे पाणी कडेकडेने सरकून मानेपाशी तेलाचा धागा तोडते आणि पोकळीत तेलाचा सुटा थेंब उरतो. या थेंबाला पुढच्या मानेतून जायचे असेल, तर त्याच्या पुढच्या पृष्ठाला अधिक वक्र व्हावे लागते, आणि त्यासाठी जास्त दाब लागतो. मानेची त्रिज्या १० मायक्रॉन, पोकळीची ५० मायक्रॉन आणि तेल-पाण्यामधला पृष्ठताण मीटरला ०.०३ न्यूटन असा धरला, तर हा अडसर सुमारे ४,८०० पास्कलचा येतो.

आता पाण्याचा रेटा पाहा. विहिरींपासून दूर, साठ्याच्या मध्यभागी, दाबाचा उतार साधारण मीटरला १०,००० पास्कल असेल असे धरू. थेंब एक मिलिमीटर लांबीचा असेल तर त्याच्या दोन टोकांमधला दाबफरक फक्त १० पास्कल होतो. समोर अडसर ४,८०० चा, मागून रेटा १० चा. त्यामुळे असा थेंब जागचा हलत नाही आणि आणखी कितीही पाणी वाहून गेले तरी ते त्याला वळसा घालून जाते.

श्यानतेमुळे, म्हणजे वाहत्या द्रवाच्या दाटपणामुळे, मिळणारा रेटा आणि पृष्ठताणाची पकड यांच्या गुणोत्तराला केशिकांक म्हणतात. नेहमीच्या पाणी-रेटणीत तो एक कोटीत एक ते दहा लाखांत एक एवढाच असतो. उरलेले तेल लक्षणीय प्रमाणात सुटण्यासाठी तो शंभर ते हजारपट व्हावा लागतो. रसायने पृष्ठताण घटवून हेच साधतात. पाण्याचा वेग शंभरपट करणे व्यवहारात शक्य नसते, कारण त्याआधीच खडक फुटेल.

तरंगलांबी

सच्छिद्र यांनी दिलेल्या आकड्यांना धरूनच पुढे जातो, कारण या विषयातला बराचसा गैरसमज आकडे चुकीच्या जोडीने शेजारी ठेवल्यामुळे होतो.

साठ्यात २० हर्ट्झची एक लहर पोहोचली आहे आणि तिच्यामुळे खडकाचे कण सेकंदाला एक मिलिमीटर या कमाल वेगाने हलत आहेत असे समजू. दूरच्या कृत्रिम स्रोताकडून एवढा वेग मिळणे ही उदार कल्पना आहे. खडकाची घनता घनमीटरला २,३०० किलोग्रॅम आणि लहरीचा वेग सेकंदाला ३,००० मीटर धरल्यास लहरीतील दाबाचा चढउतार सुमारे ७,००० पास्कल येतो. खडकाचे विस्थापन ८ मायक्रॉन, म्हणजे जवळपास मानेच्या त्रिज्येएवढे येते. हे दोन आकडे पाहून मनुष्य हुरळून जातो: अडसर ४,८०० चा, लहर ७,००० ची, मग थेंब सुटलाच पाहिजे.

परंतु २० हर्ट्झला या लहरीची लांबी १५० मीटर आहे. एक मिलिमीटरच्या थेंबाच्या दोन्ही टोकांवर लहरीचा दाब एकाच क्षणी जवळपास सारखाच असतो, आणि थेंब हलतो तो दाबामुळे नव्हे, तर दोन टोकांमधल्या दाबफरकामुळे. तो फरक काढायचा तर द्रवाच्या घनतेला खडकाच्या त्वरणाने गुणावे. वरच्या लहरीचे त्वरण सेकंदवर्गाला सुमारे ०.१३ मीटर आहे, म्हणून दाबाचा उतार मीटरला सुमारे १३० पास्कल होतो. पाण्याचा रेटा मीटरला १०,००० पास्कल होता. म्हणजे ही लहर पाण्याच्या रेट्यात एक टक्क्याच्या आसपास भर घालते, तीही अर्ध्या आवर्तनात. उरलेल्या अर्ध्या आवर्तनात ती तेवढाच रेटा कमी करते.

मग काहीच होत नाही का? इथेच बेरेस्नेव्ह यांचा युक्तिवाद येतो आणि तो मला पटतो. मानेपाशी अडकलेल्या थेंबाचे वागणे दोन्ही दिशांना सारखे नसते. रेटा वाढला आणि अडसर ओलांडला गेला की थेंब एकदम पुढे सुटतो. रेटा कमी झाला तर तो मागे ओढला जात नाही, पोकळीत जागच्या जागी किंचित सरकतो. त्यामुळे पुढे-मागे समान ढकलणाऱ्या लहरीतूनही एकाच दिशेची चाल निर्माण होते. मात्र हे फक्त त्याच थेंबांबाबत घडेल जे आधीच सुटण्याच्या काठावर आहेत. खडकातल्या माना एका मापाच्या नसतात. अडसराचे मूल्य जवळपास शून्यापासून हजारो पास्कलपर्यंत पसरलेले असते. पाण्याने ज्यांना सोडवले ते गेले. त्यांच्या लगेच वरच्या पायरीवर जे थांबले आहेत, तेवढेच लहरीच्या आटोक्यात येतात.

यातून दोन निष्कर्ष थेट निघतात. एक, पाणी रेटणे बंद असेल तर लहरीचा उपयोग नाही, कारण थेंबाला काठावर आणून ठेवण्याचे काम पाण्याचेच आहे. दुसरा, कमी वारंवारता अधिक उपयोगी, कारण अर्ध्या आवर्तनाच्या वेळात थेंबाच्या पुढच्या पृष्ठाने मानेतून पार व्हायला हवे. २० हर्ट्झला त्यासाठी २५ मिलिसेकंद मिळतात, २०० हर्ट्झला केवळ अडीच. शिवाय खडकात उच्च वारंवारतेच्या लहरी लवकर विरतात.

स्टीव्हन प्राइड यांनी ऑस्लो विद्यापीठातील फ्लेक्कय आणि आउरशो यांच्यासह २००८ मध्ये केलेल्या संगणकीय प्रतिरूपणात आणखी एक गोष्ट पुढे आली. सुटलेले थेंब एकमेकांना मिळून लांब होतात आणि लांब थेंबाच्या दोन टोकांमधला दाबफरक मोठा असल्याने तो पुढच्या मानांतून अधिक सहज जातो. म्हणजे सुरुवातीची सुटका थोडी असली तरी तिचा परिणाम वाढत जाऊ शकतो. साठ्याच्या बऱ्याच मोठ्या परिस्थिती-पट्ट्यात लहरींचा उपयोग होऊ शकेल असा त्यांचा निष्कर्ष आहे.

भूस्तर

लहरीची लांबी आणि थेंबाची लांबी यांची तुलना इतक्या स्पष्टपणे मांडल्याबद्दल आभार. प्रचाराच्या लिखाणात ती सहसा गाळली जाते.

परंतु आपले गणित एकसंध खडकासाठी आहे, आणि खडक एकसंध नसतो. लहरीच्या दाबाखाली मऊ भाग, भेगा, चिकणमातीचे पट्टे हे अधिक दबतात आणि घट्ट भाग कमी दबतो. त्यामुळे शेजारशेजारच्या भागांत द्रवाचा दाब वेगवेगळा वाढतो आणि सेंटिमीटरच्या अंतरावर स्थानिक प्रवाह सुरू होतो. १५० मीटरवर पसरलेला चढउतार असा काही सेंटिमीटरवर आला, तर स्थानिक उतार आपल्या १३० पास्कलपेक्षा खूप मोठा होऊ शकतो. सच्छिद्र खडकात लहरी का विरतात याचे एक मान्य स्पष्टीकरणच मुळी हे स्थानिक प्रवाह आहेत. तेव्हा एक टक्का हा आकडा तळाची मर्यादा मानावी असे मला वाटते.

दुसरे असे की, थेंब सुटणे ही एकच शक्यता नव्हे. २००६ मध्ये एल्खौरी, ब्रॉड्स्की आणि अ‍ॅग्न्यू यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील पिन्यॉन फ्लॅट येथील दोन विहिरींचा २० वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सूर्य-चंद्राच्या आकर्षणाने खडक दाबला जातो तसे विहिरीतील पाणी वरखाली होते आणि त्या हालचालीला होणाऱ्या विलंबावरून भोवतालच्या खडकाची पारगम्यता काढता येते. प्रदेशातील भूकंपांच्या लहरी येऊन गेल्यावर ही पारगम्यता तिपटीपर्यंत वाढलेली आढळली. जमिनीचा कमाल वेग जितका जास्त, तितकी वाढ जास्त होती, आणि पुढच्या काही महिन्यांत ती पूर्वपदावर आली. या लहरींचा कमाल वेग सेकंदाला ०.२१ ते २.१ सेंटिमीटर होता. म्हणजे दूरवरून आलेल्या, खडक न फोडणाऱ्या लहरीही प्रवाहाच्या वाटा बदलतात याला भक्कम निरीक्षणाचा आधार आहे.

याचे कारण बहुधा सूक्ष्म कणांत आहे. लॉस अलामोस प्रयोगशाळेत पीटर रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी यांनी दगडाच्या नमुन्यांवर कमी वारंवारतेचे ताण देऊन पाहिले, तेव्हा छिद्रांत अडकलेले सूक्ष्म कण मोकळे होऊन प्रवाहाबरोबर बाहेर आले. माना अशा कणांनी बुजलेल्या असतील, तर त्या उघडण्यासाठी पृष्ठताणाशी झुंज देण्याची गरजच पडत नाही.

तरंगलांबी

स्थानिक प्रवाहाचा मुद्दा मान्य आहे, मात्र त्याची एक मर्यादा आहे. तो उतार दोन्ही दिशांना सारखाच फिरतो, आणि त्याची दिशा पाण्याच्या रेट्याशी जुळलेली नसते. थेंब सुटेल, पण कुठल्या बाजूला जाईल हे पुन्हा पाणीच ठरवेल.

पिन्यॉन फ्लॅटबद्दल एक सावधगिरी सुचवतो. तिथला खडक भेगाळलेला ग्रॅनाइटी आहे आणि त्या भेगांत फक्त पाणी आहे. बुजलेली भेग मोकळी होणे आणि वालुकाश्माच्या मानेत तेलाचा थेंब सुटणे या वेगळ्या घटना आहेत. शिवाय तिथल्या लहरींचा वेग मी धरलेल्या एक मिलिमीटरच्या दुपटीपासून एकवीसपटीपर्यंत होता. एवढा वेग कृत्रिम स्रोताकडून मिळवायचा तर स्रोताच्या अगदी जवळ असावे लागेल.

पंपघर

स्रोतांविषयी थोडे लिहितो, कारण आतापर्यंतच्या चर्चेत लहर जणू आपोआप साठ्यात पोहोचते असे गृहीत धरले आहे.

तीन प्रकार प्रचलित आहेत. जमिनीवरचा कंपक हा सर्वांत सोपा, कारण विहिरीला हात लावावा लागत नाही. पण वरचे सैल थर बरीच ऊर्जा गिळतात, बरीचशी ऊर्जा पृष्ठभागावरच्या लहरींत निघून जाते आणि दीड-दोन किलोमीटर खाली पोहोचेपर्यंत आयाम, म्हणजे लहरीच्या हेलकाव्याचे माप, फार कमी उरतो. या पद्धतीचे गुणगान उथळ क्षेत्रांतूनच अधिक ऐकू येते, त्याचे कारण हेच आहे.

दुसरा प्रकार विहिरीत उतरवलेल्या साधनाचा. एक रचना अशी असते की नेहमीच्या डुलत्या पंपाच्या दांड्याने खाली नळीतला द्रव दाबला जातो, आणि दट्ट्या एका ठरावीक बिंदूपलीकडे गेला की तो दाब एकदम मोकळा होऊन विहिरीच्या तळाशी आघात बसतो. उत्पादन संपलेली एखादी विहीर यासाठी राखून ठेवतात. वीज आणि देखभाल सोडली तर चालता खर्च थोडा असतो. याशिवाय तळाशी फिरते कंपकही वापरून पाहिले गेले आहेत. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या साहाय्याने ओक्लाहोमातील ओसेज परगण्यात असा प्रयोग झाला. स्रोत साठ्याच्या पातळीवरच असल्याने वरच्या थरांतले नुकसान टळते. मात्र बिंदूवजा स्रोतापासून अंतर दसपट झाले की आयाम दहावा हिस्सा होतो, आणि खडकातले शोषण त्याहून वेगळे. विहिरीपासून ५ मीटरवर मोजलेल्या आयामाचे आकडे दाखवून ५०० मीटरवरच्या विहिरीच्या उत्पादनाचे श्रेय घेतले जात असेल, तर मधला हिशेब मागावा.

तिसरा प्रकार पाणी सोडण्याच्या विहिरीतच दाबाचे ठोके देण्याचा. कॅनडात मॉरिस दुसॉ, टिम डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी यावर बरेच काम केले. यात खडकाला हलवण्यापेक्षा द्रवालाच झटके दिले जातात, पाणी अधिक समप्रमाणात शिरावे हा हेतू असतो. काटेकोरपणे पाहिले तर ही भूकंपलहर नव्हे, तरी चर्चेत दोन्ही एकत्र येतात.

श्राव्यातीत लहरींची साधने मात्र या चर्चेतून बाजूला ठेवावीत. त्यांचा प्रभाव विहिरीभोवती फार तर काही मीटर असतो. तिथे साचलेले मेण, गाळ आणि खडूसारखे थर झटकण्यासाठी त्या उपयोगी पडतात. एखाद्या विहिरीचे उत्पादन वाढले ते तिचे तोंड स्वच्छ झाल्याने की दूरचे तेल सुटल्याने, हे वेगळे करता आले नाही तर सगळी चर्चा भरकटते.

मापनवही

पंपघर यांच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. उत्पादन विहिरींच्या मोजमापाशी माझा संबंध आहे, आणि या विषयातली माझी मुख्य शंका भौतिकशास्त्राबद्दल नसून आकडेवारीबद्दल आहे.

एक साधे गणित पाहा. विहिरीतून रोज १०० घनमीटर द्रव येतो आणि त्यात ९५ टक्के पाणी आहे. म्हणजे तेल ५ घनमीटर. लहरी सुरू केल्यावर पाणी ९४ टक्के झाले, तेल ६ घनमीटर झाले. अहवालात लिहिले जाते, ‘तेल उत्पादनात २० टक्के वाढ’. हे विधान खोटे नाही. पण पाण्याच्या प्रमाणातील एक टक्क्याचा फरक अनेक मोजणी-यंत्रांच्या अचूकतेच्या मर्यादेतच असतो. नमुना नळीच्या कुठल्या बाजूने घेतला, तो किती वेळ स्थिरावू दिला, तापमान काय होते, यावरही एवढा फरक पडतो. शिवाय जुन्या क्षेत्रात प्रत्येक विहिरीचे रोज स्वतंत्र मोजमाप होत नाही. अनेक विहिरींचा द्रव एका टाकीत येतो आणि प्रत्येक विहीर पाळीपाळीने, कधी महिन्यातून एकदाच, चाचणी-विभाजकावर, म्हणजे तेल व पाणी वेगळे करून मोजणाऱ्या टाकीवर, घेतली जाते. महिन्याला एक बिंदू असणाऱ्या आलेखात २० टक्क्यांची वाढ शोधणे म्हणजे गोंगाटात कुजबुज ऐकण्याचा प्रयत्न आहे.

दुसरी अडचण तुलनेच्या रेषेची. लहरी नसत्या तर काय झाले असते हे सांगण्यासाठी आर्प्स यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या घटवक्रांचा आधार घेतात: मागील काही वर्षांच्या उत्पादनातून घटीचा दर काढायचा, तो पुढे ओढायचा, आणि प्रत्यक्ष उत्पादन त्या रेषेच्या जितके वर येईल तेवढा लाभ मानायचा. मागील किती महिने घ्यायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य विश्लेषकाला असते. प्रयोगापूर्वी उत्पादन विशेष खाली गेलेले असेल आणि तोच काळ घेतला, तर घट तीव्र दिसते आणि नंतरचे साधे पूर्ववत होणेही लाभ म्हणून नोंदले जाते. प्रयोगासाठी सहसा घसरलेल्या विहिरीच निवडल्या जातात, त्यामुळे हा दोष जवळजवळ प्रत्येक ठिकाणी शिरतो.

तिसरी गोष्ट, प्रयोग सुरू झाला की त्या क्षेत्राकडे लक्ष वाढते. पंप दुरुस्त होतात, रखडलेली कामे उरकली जातात, पाण्याचा दाब नीट राखला जातो. या प्रत्येकाने उत्पादन वाढते, आणि त्यांचे श्रेय नकळत लहरींच्या खात्यात जमा होते.

१९५२ च्या कर्न भूकंपाचाच दाखला घ्या. सर्व विहिरींचे उत्पादन वाढले नव्हते. काहींचे घटलेही होते. वाढलेल्या विहिरी तेवढ्या लक्षात राहिल्या. शिवाय त्या भूकंपात खडकाला कायमचे विस्थापनही झाले होते, म्हणून तो परिणाम केवळ लहरींचा मानता येत नाही.

जिज्ञासू

हे वाचल्यावर दोन प्रश्न पडतात. एक, मग खात्रीचा प्रयोग कसा करावा? दुसरा, लोकांच्या मनात येईल असा: जमिनीला असे हादरे देत राहिल्याने खरा भूकंप होण्याचा धोका आहे का?

तरंगलांबी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. माणसाच्या कृतीने झालेल्या ज्या भूकंपांची तेल उद्योगात चर्चा होते, त्यांचे कारण बहुतांशी खोलवर सोडलेल्या पाण्यामुळे वाढलेला छिद्रांतील दाब हे आहे. ओक्लाहोमात पॉनी येथे सप्टेंबर २०१६ मध्ये झालेला ५.८ महत्तेचा भूकंप सांडपाणी खोल थरांत सोडण्याशी जोडला जातो. तो दाब महिनोन्‌महिने साचत जातो, दूरवर पसरतो आणि मोठ्या भ्रंशांपर्यंत, म्हणजे खडक ज्यांवरून सरकतात त्या तड्यांपर्यंत, पोहोचतो. कंपकाच्या लहरीचे तसे नाही. ती येते आणि जाते.

तरीही धोका शून्य आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २८ जून १९९२ च्या कॅलिफोर्नियातील लँडर्स भूकंपाच्या लहरींनी पश्चिम अमेरिकेत १,२५० किलोमीटरपर्यंत लहानलहान भूकंप सुरू केले होते. अशा सुरुवातीला काही हजार पास्कलचा क्षणिक ताणही पुरेसा ठरू शकतो, आणि आपण साठ्यात निर्माण करू पाहत असलेला चढउतार त्याच पल्ल्यातला आहे. फरक व्याप्तीचा आहे: मोठ्या भूकंपाची लहर प्रचंड प्रदेश हलवते, कंपकाची लहर तेवढा ताण फक्त आपल्या आसपास देते. जो भ्रंश आधीच सुटण्याच्या बेतात आहे, त्याच्या शेजारी असा स्रोत ठेवू नये आणि प्रयोगापूर्वीपासून सूक्ष्म भूकंपांची नोंद ठेवावी, एवढी काळजी आवश्यक आहे. माझ्या मते त्याच क्षेत्रात चालू असलेल्या पाणी सोडण्याच्या दाबावर लक्ष ठेवणे याहून कितीतरी महत्त्वाचे आहे.

सच्छिद्र

प्रयोगाकडे वळण्यापूर्वी खडकाच्या निवडीबद्दल एक मुद्दा राहिला आहे. वर सांगितलेले सगळे चित्र कणांना पाणी चिकटते या गृहीतकावर उभे आहे. बऱ्याच चुनखडी साठ्यांत कणांना तेलच चिकटलेले असते. तिथे तेल सुट्या थेंबांत न राहता पातळ थराच्या रूपात भिंतींना लागून असते, आणि मानेतून सुटण्याचा प्रश्नच वेगळा होतो. तसेच अतिशय दाट तेलाबाबत २५ मिलिसेकंदांत पृष्ठ मानेपार सरकेल अशी अपेक्षा धरता येत नाही. त्यामुळे एका क्षेत्रातले यश किंवा अपयश दुसऱ्याला लागू करताना पहिली चौकशी खडकाला काय चिकटते याची आणि दुसरी तेलाच्या श्यानतेची व्हावी. या दोन गोष्टी न सांगता सादर केलेले तक्ते मी बाजूला ठेवतो.

मापनवही

खात्रीचा प्रयोग कसा असावा याबद्दल माझी अपेक्षा सांगतो. वीस-पंचवीस विहिरींचा असा गट घ्यावा ज्यात किमान वर्षभर कोणतीही मोठी दुरुस्ती ठरलेली नाही. लहरी सुरू करण्यापूर्वी सहा महिने प्रत्येक विहीर आठवड्यातून एकदा तरी स्वतंत्रपणे मोजावी, म्हणजे नैसर्गिक चढउतार किती आहे हे कळेल. घटवक्र कोणत्या महिन्यांवरून काढायचा आणि किती वाढ झाली तर यश मानायचे, हे आधी लिहून एखाद्या त्रयस्थाकडे द्यावे.

त्यानंतर स्रोत दोन-दोन महिने चालू आणि बंद ठेवावा, आणि कोणत्या काळात तो चालू होता हे मोजणाऱ्यांना सांगू नये. स्रोत एकदाच सुरू करून सोडून दिला, तर आधी-नंतरची एकच तुलना मिळते आणि ती शेकडो कारणांनी बिघडू शकते. चार-पाच वेळा चालू-बंद केल्यावर उत्पादन त्या लयीत हलते की नाही हे दिसते. परिणाम काही आठवड्यांनी सुरू होऊन रेंगाळत असेल, तर बंद काळ वाढवावा. जवळच्या, मधल्या आणि दूरच्या विहिरींत परिणाम अंतरानुसार कमी होत गेला पाहिजे. दूरच्या विहिरीतही जवळच्याएवढीच वाढ दिसली, तर ती वाढ बहुधा लहरीची नाही. आणि शक्य असेल तिथे निरीक्षण-विहिरीत भूश्रवणयंत्र उतरवून साठ्याच्या पातळीवरचा खरा आयाम मोजावा. तरंगलांबी यांनी मांडलेले गणित त्या मोजमापाशिवाय पडताळता येणार नाही.

पंपघर

असा प्रयोग आखला जात नाही याचे एक व्यावहारिक कारण नोंदवतो. स्रोत बंद ठेवण्याचे महिने हे क्षेत्रचालकाला गमावलेल्या उत्पादनासारखे वाटतात आणि साधन पुरवणाऱ्याला तर ते नकोच असतात. शिवाय हे तंत्र मुख्यतः अशा क्षेत्रांना विकले जाते ज्यांच्याकडे महागड्या उपायांसाठी पैसा नाही. आठवड्याला प्रत्येक विहीर मोजण्याची सोयही त्यांच्याकडे नसते. जिथे प्रयोगाची गरज सर्वांत जास्त, तिथेच मोजण्याची क्षमता सर्वांत कमी आहे.

भूस्तर

मग निवडीचा प्रश्न उलटा धरावा असे मला वाटते. आधीच नीट मोजले जाणारे क्षेत्र निवडावे, मग ते तेलाच्या दृष्टीने सर्वांत गरजू नसले तरी चालेल. खोली एक किलोमीटरच्या आत, स्वच्छ वालुकाश्म, कणांना पाणी चिकटणारे, तेल हलके, पाण्याचा रेटा चालू, विहिरी एकमेकींपासून शे-दोनशे मीटरवर आणि मधोमध एक निकामी विहीर ज्यात स्रोत उतरवता येईल. तरंगलांबी, आपल्या हिशेबाने अशा ठिकाणी परिणाम मोजण्याइतका मोठा असेल का?

तरंगलांबी

स्रोतापासून ५० मीटरच्या आत त्वरण सेकंदवर्गाला एक मीटर मिळाले, तर दाबाचा उतार मीटरला १,००० पास्कल होतो, म्हणजे पाण्याच्या रेट्याच्या १० टक्के. त्या पट्ट्यात काठावरचे थेंब सुटतील आणि एकमेकांना मिळतील अशी अपेक्षा धरायला हरकत नाही. २०० मीटरवर तो केवळ अंतरामुळे अडीच टक्क्यांवर येईल आणि शोषण धरल्यास त्याहून कमी होईल. म्हणून मापनवही यांच्या प्रयोगातला जवळचा गट ५० ते १०० मीटरमध्ये असावा, आणि स्रोत पाणी सोडणारी विहीर व उत्पादन विहीर यांच्या मधल्या रेषेवर असावा, जेणेकरून सुटलेले तेल वाहून नेणारा प्रवाह तिथे सर्वांत जोमदार असेल. त्या गटातही चालू-बंद काळांत फरक दिसला नाही, तर वालुकाश्मात पृष्ठताणामुळे अडकलेले तेल लहरींनी सुटते हा दावा मी सोडून देईन आणि सूक्ष्म कणांच्या स्पष्टीकरणाकडे वळेन, कारण त्याची चाचणी वेगळी आहे: तिथे तेल वाढण्याच्या आधी, वर येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढलेला दिसायला हवा.

मापनवही

गढूळपणाची सूचना उत्तम आहे. तो मोजणे तेलाच्या प्रमाणापेक्षा सोपे आणि स्वस्त आहे, आणि नमुना रोज घेता येतो. प्रयोगाच्या आराखड्यात सुरुवातीच्या सहा महिन्यांपासूनच त्याची नोंद ठेवावी, अन्यथा पंप बदलल्याने किंवा पाण्याचा दाब वाढवल्याने आलेला गाळ लहरींच्या नावावर लागेल.